घैसासांच्या नकाराची गोष्ट

सिंगापूरच्या यिशुनमध्ये घैसासांकडे जेवायला जाऊन अर्धपोटी परत आलेला माणूस अजून कोणी पाहिलेला नाही. भरल्यापोटी आलेलाही पाहिलेला नाही. तिथून माणूस परत येतो तो गळ्याशी आलेला, लिफ्टच्या भिंतीला पाठ टेकून उभा, आणि बायकोच्या कानात पुटपुटत, "पुढच्या वेळी मला ताप आलाय असं सांग."

चारुदत्त घैसास त्रेपन्न वर्षांचे. रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत जोखीम खात्यात मोठे अधिकारी. म्हणजे काय, तर कोणाला पैसे देण्यात किती धोका आहे याचे तक्ते करायचे, हिरवे, पिवळे, लाल खाने रंगवायचे आणि समोरच्याला गोड हसून नाही म्हणायचं. दिवसभर लोकांना नाही म्हणण्याचा पगार घ्यायचा आणि संध्याकाळी घरी आलं की लोकांचं 'नाही' मुळी ऐकूनच घ्यायचं नाही, असा या गृहस्थांचा हिशेब.

आग्रह करावा तर घैसासांनीच. जिलबीचं ताट डाव्या हातात, उजव्या हाताच्या चिमटीत जिलबी, आणि चेहऱ्यावर असा भाव, की समोरच्यानं ती घेतली नाही तर आपल्या सात पिढ्यांचा उद्धार अडेल. समोरचा म्हणणार, "नको हो, खरंच नको." घैसास म्हणणार, "खरंच नको म्हणणारे अजून दोन खातात, हा माझा अनुभव आहे." समोरच्यानं पानावर हात आडवा धरला तर ते त्या हातावर जिलबी ठेवत. निशिकांत दामल्यांच्या मनगटावर ठेवली होती एकदा, नव्या कोऱ्या घड्याळावर. पाक आत गेला. घड्याळ बंद पडलं. घैसास म्हणाले, "बघ निश्या, वेळसुद्धा थांबली. आता सावकाश खा."

लोक हसले. निशिकांतही हसला. करतो काय?

निशिकांत म्हणजे वुडलँड्सचा. घैसासांहून चार वर्षांनी लहान, आयटीतला, पोट जरासं पुढे. त्याची बायको सुलेखा एका शाळेत शिकवते. हे दोघं आणि यिशुन-वुडलँड्सकडची आणखी बरीच मराठी कुटुंबं दर वर्षी दसरा झाला की एका रविवारी हॉल भाड्यानं घेतात आणि पंगत मांडतात. टेक्का मार्केटातून केळीची पानं येतात, मसालेभात घैसासांच्या घरचा, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, अनघाच्या हातचा, आणि वाढपाची सूत्रं अर्थातच घैसासांकडे. पंगत सुरू असताना घैसास बसलेले कोणी कधी पाहिले नाहीत. ते फिरत असतात. आणि ते फिरताना दिसले की ओळीतली माणसं पानावर पुढे वाकून बसतात, अंगावर धाड आल्यासारखी.

आता या माणसाची एक उपपत्ती होती. मधुमेहाआधीची जी पायरी असते, प्रीडायबेटिस म्हणतात ती, तिच्यावर. कुठल्याही पार्टीत कोणी 'गोड कमी करतोय' म्हटलं, की घैसास ती मांडत. म्हणत, "हे बघा, मी जोखमीचा माणूस. प्रत्येक जोखमीला वय असतं, लिंग असतं. बायकांना हे चाळिशीनंतर गाठतं, कारण उरलंसुरलं त्याच संपवतात. पुरुषांना साठीनंतर. त्याच्या आधी पुरुषाला साखर होत नाही, फक्त त्याची बायको त्याला घाबरवते." हे बोलताना ते हवेत एक तक्ता काढत. त्यात स्वतःला हिरव्या खान्यात बसवत आणि अनघाला लाल.

"तू लाल खान्यात आहेस, अनघा. जरा जपून."

अनघा पन्नाशीची. जहाज कंपनीत हिशेब बघते. ती म्हणायची, "मी लाल खान्यात, आणि शर्टाची बटणं तुझी तुटतात."

"ते सिंगापूरच्या धोब्यांमुळे."

"आपल्याकडे वॉशिंग मशीन आहे, चारू."

तर यंदाच्या उन्हाळ्यात, म्हणजे सिंगापूरला जो बारा महिने असतो त्याच उन्हाळ्यात, दोघांनी रक्त तपासून घेतलं. कल्पना घैसासांची. अनघाच्या काळजीपोटी, असं ते सगळ्यांना सांगत होते. शनिवारी सकाळी दोघांचे निकाल फोनवर आले. अनघा मंडईची कामं उरकायला बाहेर गेली होती. घैसासांनी स्वतःचा उघडला. उपाशीपोटीची साखर सहा पूर्णांक चार.

सहा! घैसासांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पुण्यात त्यांच्या ताईची शंभराच्या खाली यावी म्हणून डॉक्टर चार वर्षं तिच्या मागे लागलेत, आणि यांची सहा. पट्टीचा माणूस. त्यांनी लगेच पुण्याला फोन लावला.

"ताई, बोल, तुझी साखर किती?"

"एकशे बत्तीस," संजीवनीताई म्हणाली. साठीच्या पुढची बाई, शाळेतून निवृत्त, आवाज अजून वर्गातला. "का रे?"

"माझी सहा."

पलीकडून ताई किंचाळली.

"सहा? चारू, तू कुठे आहेस? उभा आहेस का?"

"उभा आहे. का?"

"आधी खाली बस! अरे, चाळीसच्या खाली गेली तर माणूस बेशुद्ध पडतो. सहा म्हणजे... अनघा कुठाय? साखर खा. आत्ताच्या आत्ता. चमचा भरून खा. फोन ठेवू नकोस!"

बहिणीच्या आवाजातली भीती खरी होती, आणि घैसासांना खरोखरच गरगरायला लागलं. ज्या माणसाला आदल्या सकाळी रेल्वे स्टेशनापर्यंत धावताना काही झालं नव्हतं, तो स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून उभा राहिला. साखरेच्या डब्यातून एक चमचा. मग आणखी एक. मग फ्रिजात पेढे होते ते आठवले. ताई फोनवर मोजत होती, "खाल्लास? चावू नकोस, विरघळू दे. अजून एक घे."

आर्या खोलीतून बाहेर आली. वीस वर्षांची लेक, नर्सिंग शिकते, मराठी समजतं सगळं पण उत्तर देते बहुतेक सिंगापुरी इंग्रजीत. बाप ओट्याला टेकलेला, तोंडात पेढा, डोळे मिटलेले. तिनं फोन हातात घेतला, निकाल पाहिला आणि म्हणाली, "Papa, this one is mmol lah. Singapore unit. Times eighteen."

"म्हणजे?"

"अठराने गुणलं की पुण्याचा आकडा येतो. एकशे पंधरा. You're prediabetic. Why are you eating pedha?"

फोनवरून ताईचा आवाज आला, "काय म्हणतेय ती? किती? एकशे पंधरा? अगं मग थुंक म्हणावं तो पेढा!"

थुंकण्यासारखा राहिलाच नव्हता.

दारात अनघा उभी होती, भाजीच्या पिशव्या घेऊन. तिनं सगळं ऐकलं नव्हतं, पण नवऱ्याच्या मिशीवरची साखर पाहिली. तिचा स्वतःचा निकाल तिनं मार्केटमध्येच वाचला होता. पाच पूर्णांक एक. लाल खान्यातल्या बाईची ठणठणीत साखर. ती काही बोलली नाही, फक्त टिश्यूचा बॉक्स पुढे केला. बायको बोलत नाही तेव्हा ती फार मोठ्यानं बोलत असते, हे घैसासांना लग्नाच्या सव्विसाव्या वर्षी कळायला लागलं होतं.

क्लिनिकमधली डॉक्टर तरुण होती. घैसासांनी तिलाही आपली उपपत्ती ऐकवून पाहिली. बाईनं शांतपणे ऐकली, मग कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. घैसासांना तक्ता दिसला की बरं वाटतं. हा पाहून वाटलं नाही. ती म्हणाली, पुरुषांना हे बायकांच्या आधी गाठतं, बहुतेक वेळा चाळिशी-पन्नाशीतच. बायकांचा धोका पाळी गेल्यावर चढतो, आणि गरोदरपणात ज्यांची साखर वाढली होती त्यांचा तर त्याआधीपासूनच. शिवाय तुम्ही भारतीय. तुमचं वजन बेताचं दिसलं तरी पोटावर जमतं, आणि तेच नडतं. मग तिनं टेप काढली आणि घैसासांच्या पोटाभोवती गुंडाळली. घैसासांनी श्वास आत ओढला. डॉक्टर वाट बघत उभी राहिली. माणूस किती वेळ श्वास धरणार?

"You are here," ती म्हणाली, आणि पडद्यावर बोट ठेवलं. खाना लाल नव्हता, पण लालाला खेटून होता.

घैसासांचा चेहरा पडला तसा तिनं धीरही दिला. अजून मधुमेह नाही. चाला, भात निम्मा करा, गोड सोडा, पोट कमी करा. तीन महिन्यांनी परत तपासू. या पायरीवरून माणसं उतरतात, खाली येतात. पण वर गेली की मग उतरणं अवघड.

घैसास बाहेर आले ते दोन गोष्टी ठरवून. एक, हा आकडा खाली आणायचा. दुसरी, हे कोणालाही सांगायचं नाही. आजाराची लाज नव्हती त्यांना. लाज होती त्या हवेतल्या तक्त्याची. इतकी वर्षं, इतक्या पार्ट्यांत, इतक्या लोकांच्या नाकासमोर काढलेला तक्ता, आणि काढणाराच चुकीच्या खान्यात सापडला!

पण माणूस जिद्दीचा. ते रोज संध्याकाळी एक स्टेशन आधी, खातिबला उतरायला लागले आणि तिथून चालत यिशुनला यायला लागले, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, हातात छत्री, घामाघूम. पहिल्या आठवड्यात तीनदा वाटेत बसले. महिन्याभरात छत्री फिरवत यायला लागले. ऑफिसखालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, ते रोज घट्ट गोड कंडेन्स्ड दुधाचा तेह, म्हणजे तिथला चहा, घेत. एक दिवस त्यांनी काळी, बिनसाखरेची कॉफी मागितली. टपरीवरच्या अंकलनं मान वर केली. "Kosong? No sugar? You sick ah?"

"No, no. Trying only."

अंकलनं शेजारच्या गाळ्यावरच्या बाईला चिनीत काहीतरी सांगितलं, तिनं घैसासांकडे बघून च्च् केलं. आख्ख्या सिंगापुरात ही बातमी फक्त त्या दोघांना आणि घरच्यांना माहीत होती. म्हणजे पुण्याच्या ताईलाही, पण तिनं ती फक्त तिच्या भिशीत सांगितली होती.

घरी अनघानं शनिवारचा उपास बदलला. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वर खजूर, असा जो उपास घैसास श्रद्धेनं करत, तो तिनं एका वाक्यात मोडीत काढला. "तू शनिवारी देवासाठी जेवढं खातोस, तेवढं इतर दिवशी माझ्यासाठीही खात नाहीस." शर्टाची बटणं तुटायची थांबली. पट्टा एक भोक आत आला. घैसासांना खात्री वाटू लागली, की हे जमतंय.

आणि मग दसरा आला.

व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर निशिकांतनं लिहिलं, 'यंदा चारूदादांनी वाढायचं नाही. इतकी वर्षं त्यांनी आपल्याला खाऊ घातलं. यंदा ते पहिल्या पानावर बसणार आणि आपण वाढणार.' खाली हात जोडलेली चित्रं आली, टाळ्या आल्या, आणि एका मागोमाग एक जिलब्यांची चित्रं आली. चित्रं जरा जास्तच आली. कोणीतरी घड्याळाचंही टाकलं.

घैसासांनी ते वाचलं आणि सोफ्यावर बसले. "अनघा, हा सत्कार नाही. हा कट आहे."

"मग सांगून टाक ना सगळ्यांना."

"काय सांगू?"

"की तुला गोड चालत नाही. चार शब्द आहेत."

"चार शब्द आहेत म्हणूनच तर. निश्या मला तक्ता काढून दाखवायला लावेल."

"तपासणी त्याच आठवड्यात आहे, चारू," अनघा म्हणाली. "तू बसलास आणि त्यांनी तुला वाढलं, तर तू खाशील. मला तू माहीत आहेस. तुला नाही म्हणवत नाही, तुला फक्त दुसऱ्याचं मोडता येतं."

घैसासांनी छाती पुढे काढली. "मी जोखीम खात्यातला माणूस आहे. नाही म्हणणं माझा धंदा आहे. बघशील तू."

रविवार आला. हॉलमध्ये लांबलचक टेबलं, त्यांवर केळीची पानं, एअर कंडिशनरचा गारवा आणि मसालेभाताचा घमघमाट. घैसास नवा कुर्ता घालून पहिल्या पानावर बसले. हा कुर्ता आता अंगावर सैल होता, म्हणून मनातून खूश होते. समोर इंदुमतीकाकू, पंचाहत्तरीच्या, मुलाकडे साताऱ्याहून आलेल्या. त्यांनी श्लोक म्हटला आणि पंगत सुरू झाली.

भात आला, घैसासांनी मूदभर घेतला. वरण, भाजी, कोशिंबीर. सगळं बेतानं. वाढणाऱ्यांनी आग्रह केला नाही. हा समंजसपणा घैसासांना आवडला नाही.

मग निशिकांत आला. डाव्या हातात परात, उजव्या हाताच्या चिमटीत जिलबी, चेहऱ्यावर तोच भाव, घैसासांकडूनच शिकलेला.

"नको," घैसास म्हणाले.

ओळ खदखदून हसली.

"अरे, खरंच नको."

"खरंच नको म्हणणारे अजून दोन खातात," निशिकांत म्हणाला, "हा आमचा अनुभव आहे. कोणाकडून आला, ते सांगू का?"

एक जिलबी पानावर पडली. घैसासांनी दोन्ही हात पानावर आडवे धरले. दुसरी जिलबी हातावर पडली. पाक बाहीत गेला. पलीकडच्या टेबलावरून कोणी ओरडलं, "घड्याळ कुठाय त्यांचं? घड्याळावर!" लोक मोबाईल काढून उभे राहिले. सुलेखा हसता हसता मठ्ठ्याचं भांडं सांभाळत होती. घैसासांच्या लक्षात आलं, की त्यांचं 'नको' कोणाला ऐकूच येत नाहीये. आपणच ते ऐकू न येण्याइतकं पातळ करून ठेवलंय. जितकं जोरात म्हणावं तितकी पंगत खूश.

शेवटी ते पानावर पालथे पडले. म्हणजे खरोखर. त्रेपन्न वर्षांचा बँकेतला बडा अधिकारी, नव्या कुर्त्यानिशी, मसालेभातावर ओणवा, दोन्ही हातांनी पानाच्या कडा धरून. पूर्वी पंगतीत माणसं अशी पडत म्हणे. हॉलनं टाळ्यांचा कडकडाट केला. दोघांनी त्यांना बगलेत हात घालून सरळ बसवलं, कुर्त्यावर कोशिंबीर चिकटलेली, आणि निशिकांतनं अचूक तेवढ्यात चार जिलब्या ठेवल्या.

घैसासांनी जिलबीकडे पाहिलं. ती कुरकुरीत होती, केशरी, पाकानं भरलेली. नुसता वासच असा, की खातिबपासून चाललेली सगळी चाल पायांतून निघून गेली. एक खाल्ली तर काय होतं? लोक हसतायत, सण आहे, त्यांनी हौसेनं बसवलंय. हात जिलबीपर्यंत गेला. टेबलाच्या टोकाला अनघा भाताचं पातेलं घेऊन उभी होती. ती हसत नव्हती. मान हलवत नव्हती, डोळे वटारत नव्हती. नुसती बघत होती.

घैसास उठून उभे राहिले.

"मला प्रीडायबेटिस आहे," ते मोठ्यानं म्हणाले.

पुन्हा हशा. निशिकांत तर परात घेऊनच वाकला. "पुरुषाला? त्रेपन्नाव्या वर्षी? चारूदादा, तुमच्या तक्त्यात नाही बसत हो! साठीच्या आधी फक्त बायको घाबरवते!"

"वहिनींनी घाबरवलंय," मागून कोणी म्हणालं.

घैसासांच्या कुर्त्यावरून काकडीचा एक तुकडा खाली पडला. पुढचं वाक्य त्यांनी बँकेतही आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं.

"तक्ता चुकला होता," ते म्हणाले. "माझा. सगळा."

हशा ओसरला. एकदम नाही, नळ बंद केल्यावर पाणी थोडं गळत राहतं तसा. पण ओसरला. घैसासांना आजार होऊ शकतो हे लोकांनी मानलं नसतं. घैसास 'माझं चुकलं' म्हणतात म्हटल्यावर मात्र प्रकरण खरं असणार, हे शेवटच्या टेबलापर्यंत पोचलं.

"किती आहे?" निशिकांतनं विचारलं. आवाज खाली आला होता.

"सहा पूर्णांक चार होती. अठराने गुणायचं असतं."

"माहितीये मला," निशिकांत म्हणाला. "माझी सहा पूर्णांक सात आहे. दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं? मग गेल्या वर्षी मी तुला..."

"सात."

"सात काय?"

"जिलब्या. सात घातल्यात तुम्ही मला गेल्या वर्षी. मी आठवडाभर रात्रीचं जेवलो नाही."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"बोललो! नको, नको म्हणून बोंबललो! आणि काय बोलायचं असतं?"

तेवढ्यात सुलेखानं मठ्ठ्याचं भांडं टेबलावर आपटलं. "तुमचं दोघांचं छान चाललंय. क्षितिज पोटात असताना मला सातव्या महिन्यात साखर झाली होती. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं, दर वर्षी तपासा. चाळिशीही झाली नव्हती माझी. कोणत्या खान्यात बसवणार होतात मला, चारूदादा? आणि तुम्ही हो," ती नवऱ्याकडे वळली, "सहा सात? दोन वर्षं? आणि मला आज पंगतीत कळतंय?"

निशिकांत परातीमागे लपायला पाहत होता. परात पुरेशी मोठी नव्हती.

मग मात्र ओळीत एकेक जण सुटला. कोणाची गोळी चालू, कोणाची बहीण, कोणी बायकोपासून लपवून तपासून घेतलेलं, कोणी तपासायलाच घाबरणारं. एवढं सगळं त्या पानांवर इतकी वर्षं जिलबीखाली दडपून बसलं होतं.

घैसासांचं एक आहे. पडले तरी पडल्या जागी सूत्रं हातात घेतात. त्यांनी कुर्ता झटकला आणि बँकेच्या बैठकीत बोलतात तसा घसा साफ केला. "आजपासून नियम. वाढणाऱ्यानं एकदाच विचारायचं. नको म्हटलं की पुढच्या पानावर. आग्रह बंद. निश्या, परात इकडे दे."

"उष्ट्या हातानं वाढू नकोस रे!" इंदुमतीकाकू कडाडल्या. घैसास मुकाट्यानं हात धुऊन आले.

आणि मग जे झालं त्याला तोड नाही. घैसास परात घेऊन निघाले. "जिलबी?" पहिल्यानं सवयीनं म्हटलं, "नको नको." घैसास पुढे गेले. त्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा झाला. "जिलबी?" दुसरी म्हणाली, "नको हो, पोट भरलं." घैसास पुढे. ती वळून परातीकडे बघत राहिली, बस चुकल्यासारखी. निम्मी ओळ अशी कोरडी गेली आणि परात भरलेलीच. इंदुमतीकाकूंचंही तेच झालं. त्यांची साखर साताऱ्याच्या डॉक्टरांनी उत्तम म्हणून सांगितलेली, दात आपले, जिलबीवर जीव. त्यांनी रीतीप्रमाणे लाजून पानावर हात धरला आणि मान वर केली तो घैसास चार पानं पुढे.

"अरे ए! मी नुसतं म्हटलं होतं नको!"

"काकू, नियम."

"जळला तुझा नियम! तीनदा विचारल्याशिवाय हो म्हणायचं असतं का बाईमाणसानं?"

"ज्याला हवी, त्यानं हवी म्हणावं," घैसास म्हणाले. त्यांचा आवाज आता पूर्ण जागेवर आला होता. (त्या आठवड्यातला त्यांचा आकडा पाच पूर्णांक नऊवर उतरला, हे इथेच सांगितलेलं बरं, आणि डॉक्टरनं पुन्हा टेप लावली तेव्हा त्यांनी श्वास धरला नाही.) "हवी म्हणा, वाढतो. दोन म्हणा, दोन वाढतो. पण म्हणायचं."

इतकी शिकलेली माणसं, बँकांचे, कंपन्यांचे करोडोंचे व्यवहार करणारी, मीटिंगमध्ये एकमेकांच्या तोंडून शब्द काढून घेणारी. पण भरल्या पंगतीत 'मला जिलबी हवी' असं म्हणायचं? कोणाची जीभ उचलेना. काकू पदराशी चाळा करत राहिल्या. निशिकांतनं खाली पाहिलं. आर्या कोपऱ्यातून म्हणाली, "Just say lah, so hard meh?" पण ती सिंगापूरची. तिला काय कळणार?

"मला हव्यात."

आवाज टेबलाच्या टोकाकडून आला. अनघानं भाताचं पातेलं खाली ठेवलं होतं आणि घैसासांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी एक नवं पान ओढून ती बसली होती, पंगत अर्धी असताना. वाढणाऱ्या बायका शेवटी बसतात, तेव्हा भात गार झालेला असतो आणि जिलबीचा पाक थिजलेला, आणि तोवर आग्रह करणारे सगळे विडा खात बाहेर उभे असतात. अनघाला तिच्या नवऱ्यानं आजवर कधी आग्रह केला नव्हता. कधी वेळच आली नव्हती.

"किती?" घैसासांनी विचारलं.

"दोन. कुरकुरीत बघून. आणि मठ्ठा."

घैसासांनी परात टेबलावर टेकवली आणि जिलब्या वरखाली करून पाहिल्या. काठावरची मऊ पडलेली बाजूला सारली, तळातली मोडकी बाजूला सारली, आणि मधल्या दोन चांगल्या निवडून तिच्या पानावर ठेवल्या. सुलेखानं मठ्ठा ओतला. अनघानं तुकडा मोडला, मठ्ठ्यात बुडवला आणि कोणाकडेही न बघता खाल्ला.

घैसासांची चिमूट सवयीनं तिसरीकडे गेली होती. ती त्यांनी मागे घेतली, परात उचलली आणि पुढच्या पानावर गेले. तिथे इंदुमतीकाकू हात मागे घेऊन, ताठ बसून, मोठ्यानं म्हणत होत्या, "मला हवी. तीन."